एकाच चाकाचे ब्रेक पॅड सारखे झिजतायत: कॅलिपर, पिन की आणखी काही?

रानवाट

नमस्कार मंडळी,

गाडी नऊ वर्षांची, एक लाख दहा हजार किमी झालेत. पुढे डिस्क, मागे ड्रम. गेल्या वर्षभरात पुढचे पॅड दोनदा बदलावे लागले. दोन्ही वेळा उजव्या चाकाचे पॅड जवळजवळ नव्यासारखे निघाले आणि डाव्याचे पार पत्र्याला टेकायला आले होते. गॅरेजमध्ये दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, "पॅड संपले होते, नवे टाकलेत, आता काळजी नाही."

काळजी आहेच. सकाळी गाडी अगदी हलकी चालते. वीस-पंचवीस किमी झाले, मध्ये चार-सहा वेळा जोरात ब्रेक लागले, की गाडी डावीकडे ओढायला लागते. थांबून बघितलं तर डाव्या चाकाजवळ जळका वास आणि रिमवर काळी भुकटी. तासभर उभी ठेवली की परत सगळं ठीक.

दोन प्रश्न आहेत. कॅलिपर (म्हणजे डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा चिमटा) जाम आहे हे खात्रीने कसं ओळखायचं? आणि जाम असेल तर दुरुस्त करावा की सरळ नवा घालावा? घरची सगळी माणसं याच गाडीतून फिरतात, म्हणून तिसऱ्यांदा नुसते पॅड बदलून गप्प बसायचं नाही असं ठरवलंय.

तेलकट_हात

स्लाइड पिन, म्हणजे ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या. डोळे झाकून सांगतो. पिना काढा, साफ करा, ग्रीस लावा, विषय संपला. माझ्या दोन गाड्यांना हेच झालं होतं.

निळी_सायकल

डोळे झाकून ब्रेकचं काम नको हो दादा 🙂

रानवाट, तोवर गाडी लांब नेऊ नका. डिस्क खूप तापली की चाकाच्या बेअरिंगचं ग्रीसही पातळ होतं, मग खर्च वाढत जातो.

पाना_नंबर_१७

तेलकट_हात म्हणतायत ते बऱ्याचदा खरं निघतं, पण आधी काही गोष्टी बघून घेऊ. रानवाट, काढलेले जुने पॅड अजून जवळ आहेत का? आतला जास्त झिजलाय की बाहेरचा? की एकच पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ आहे?

हे का विचारतो ते सांगतो. तुमच्या गाडीत बहुधा फ्लोटिंग कॅलिपर असणार. त्यात पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तुम्ही पेडल दाबलं की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोराने कॅलिपरचं अख्खं धूड दोन पिनांवरून उलट दिशेला सरकतं व बाहेरचा पॅड ओढून आणतं. म्हणजे एका पिस्टनवर दोन पॅडचं काम होतं. हे सगळं दोन हालचालींवर अवलंबून आहे: पिस्टन आत-बाहेर व्हायला हवा आणि कॅलिपर पिनांवर सरकायला हवा. यातली एक अडली की झीज असमान होते.

आतला पॅड बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त झिजणं या रचनेत चालतं. फरक दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे गेला तर मात्र शोध घ्यायचा. आतला खूप झिजला असेल तर पिस्टन मागे जात नाहीये किंवा पिना अडकल्यात. बाहेरचा जास्त झिजला असेल तर पिनांवर संशय. तिरपी झीज असेल तर बहुतेक वेळा दोनपैकी एकच पिन अडकलेली असते, त्यामुळे कॅलिपर वाकडा धरतो. आणि दोन्ही पॅड जवळजवळ सारखेच पण भलतेच झिजलेत असं असेल, तर कॅलिपर सरकतोय, फक्त ब्रेक सुटत नाहीये.

संथगती

माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट सांगतो. ब्रेक हा घरी खोलून बघायचा भागच नाही. इंजिन बंद पडलं तर गाडी उभी राहते, ब्रेक गेला तर उभी राहत नाही. इथे वाचून कोणीतरी अर्धवट काम करेल आणि जिवावर बेतेल. चांगला मेकॅनिक शोधा.

अबोली_फूल

संथगती, काळजी रास्त आहे. पण रानवाट दोनदा मेकॅनिककडेच गेले होते. आपल्याला काय विचारायचं हे कळलं तरच समोरचा पॅडच्या पलीकडे बघतो. ओळखणं आणि दुरुस्त करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळखायला प्रत्येकाने शिकावं, दुरुस्ती ज्याला सराव आहे त्यानेच करावी.

मोजपट्टी

ओळखण्यासाठी माझी पद्धत. लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन असेल तर उत्तम. दहा-पंधरा किमी मोकळ्या रस्त्यावर शक्य तितके कमी ब्रेक लावत चालवा, शेवटी गाडी आपोआप मंदावू द्या, आणि उतरल्या उतरल्या चारही चाकांची डिस्क किंवा ड्रम मोजा. अमुक अंशाला धोका असा ठराविक आकडा नसतो. डावी-उजवी तुलना करायची. एकाच आडव्या जोडीत एक चाक दुसऱ्यापेक्षा खूपच गरम असेल तर ते चाक धरतंय.

गन नसेल तर हात चाकाजवळ न्या, पण डिस्कला किंवा रिमला लावू नका. धग जवळूनच कळते. धरणाऱ्या ब्रेकची डिस्क कातडी सोलण्याइतकी तापते.

दुसरं, चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा. पॅड डिस्कला अगदी हलके घासण्याचा आवाज येणं साहजिक आहे. पण दोन्ही हातांनी जोर लावूनही चाक जेमतेम हलत असेल तर शंका उरत नाही. गाडी नुसत्या जॅकवर असताना काम करायचं नाही, खाली स्टँड लावायचाच. उरलेल्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावा.

गिअरगिरी

ओढण्याबद्दल एक भर घालतो, कारण यात अनेकांचा गोंधळ होतो. ब्रेक न लावता गाडी डावीकडे जात असेल तर डावं चाक धरतंय. ब्रेक लावल्यावरच उजवीकडे ओढत असेल, तर बिघाड अनेकदा डाव्या कॅलिपरमध्ये असतो! तो कामच करत नाही, सगळा जोर उजवा एकटा घेतो आणि गाडी त्या बाजूला वळते. उजवा कॅलिपर खोलून बघतात, तो निरोगी निघतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

रानवाट, तुमची गाडी नक्की कधी ओढते?

रानवाट

सगळ्यांचे आभार, इतक्या लवकर इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

गिअरगिरी, पाय पेडलवर नसतानाही डावीकडे जाते. ब्रेक लावला की आणखी थोडी.

पाना दादा, जुने पॅड मागून घेतले होते. आतला साधारण २ मिमी, बाहेरचा ३ मिमीच्या आसपास. म्हणजे दोन्ही गेलेलेच. आतला एका टोकाला किंचित पातळ वाटतो.

रविवारी ओळखीच्या एका अनुभवी मेकॅनिककडे समोर उभं राहून चाक खोलून बघणार आहे.

तेलकट_हात

टोकाला पातळ = पिन. सांगितलं होतं.

बाकी पिना काढाल तेव्हा कोणती वर होती आणि कोणती खाली, हे लक्षात ठेवा. बऱ्याच गाड्यांत दोन पिना वेगळ्या असतात. एकीला टोकाला रबराची बाही असते किंवा एक बाजू चपटी असते. अदलाबदल झाली की कॅलिपर पुन्हा अडतो किंवा खडखडतो. आणि पिन काढताना रबरी बूट फाटलेला दिसला तर नवा घाला, नाहीतर त्यातून पाणी जाऊन पुढच्या वर्षी परत हेच.

अबोली_फूल

ग्रीस कुठलं लावायचं हेही सांगायला हवं, कारण इथे चांगली माणसं चुकतात. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस पिनांना लावू नका. ब्रेकमधलं रबर वेगळ्या जातीचं असतं, बहुतेक गाड्यांत ईपीडीएम. त्याला खनिज तेलाचा स्पर्श झाला की ते फुगतं. आज पिन लोण्यासारखी सरकते आणि दोन महिन्यांनी फुगलेली रबरी बाही तिला आत घट्ट पकडून बसते. सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीच बनवलेलं सिंथेटिक ग्रीस घ्या, आणि तेही पातळ थरात. भोकात ग्रीस कोंबलं तर आत हवा अडकते आणि पिन स्प्रिंगसारखी परत येते.

पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथेही बघा. तिथे स्टीलची पातळ क्लिप असते. क्लिपखाली ब्रॅकेट गंजतं, गंज फुगून क्लिप वर उचलतो आणि पॅड खाचेत आवळला जातो. क्लिप काढून खाली तारेच्या ब्रशने किंवा कानशीने लोखंड स्वच्छ करायचं. पॅड बोटाने ढकलून सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल तर तो सुटणार कसा?

उंबरठा

वाचनखूण साठवली आहे. कॅलिपरमध्ये पिस्टनला मागे खेचणारी स्प्रिंग नसते म्हणतात, मग पेडल सोडल्यावर पिस्टन मागे जातो कसा? हे मला कधीच कळलं नाही.

पाना_नंबर_१७

उंबरठा, फार चांगला प्रश्न. हे कळलं की अर्धं कॅलिपर कळलं.

पिस्टनभोवती एक रबरी सील असतं. त्याचा छेद साध्या ओ-रिंगसारखा गोल नसून चौकोनी असतो. ते कॅलिपरच्या आतल्या खाचेत बसतं आणि पिस्टनला घट्ट धरून ठेवतं. पेडल दाबल्यावर पिस्टन पुढे जातो, सील त्याला सोडत नाही, त्यामुळे ते थोडं पिळवटतं. दाब गेला की पिळलेलं रबर मूळ आकाराला येतं आणि पिस्टनला सोबत मागे आणतं. ही माघार अगदी थोडी, मिलिमीटरच्या काही दशांशाइतकीच असते. तेवढी पुरते. पॅड झिजत गेला की पिस्टन सीलमधून थोडा पुढे घसरतो आणि नव्या जागी तीच पकड चालू राहते. डिस्क ब्रेकला हाताने ॲडजस्ट करावं लागत नाही ते यामुळे.

आता विचार करा, नऊ वर्षं तापून हे रबर कडक झालं, किंवा खाचेत गंज साचून सील पिस्टनवर आवळलं गेलं. त्याचं परत येणं संपलं. पिस्टन पुढे जातो, पण मागे येत नाही. बाहेरचं धूळ-बूट फाटलं तर पाणी आत जाऊन पिस्टनलाच गंज चढतो, तो वेगळा.

जुनाच_मेंबर

पाना, छान समजावलंत.

थोडं अवांतर. डिस्क ब्रेक ही कल्पना बरीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं, पण त्या काळी ती मागे पडली. मोटारींवर तिचा खरा दबदबा बसला तो १९५३ च्या ल मां शर्यतीत, जेव्हा डिस्क ब्रेक लावलेली जग्वार सी-टाइप पहिली आली. चोवीस तासांच्या शर्यतीत ड्रम तापून ब्रेक मंदावत आणि डिस्कवाली गाडी वळणाच्या खूप जवळ जाऊन ब्रेक लावू शकत होती. १९५५ मध्ये सित्रोएन डीएस पुढच्या डिस्कसह बाजारात आली, आणि मग हळूहळू सर्वसाधारण गाड्यांवरही डिस्क दिसू लागली.

उघड्या हवेत राहून लवकर थंड होणं हा डिस्कचा मोठा गुण. तो उघडेपणाच पाणी आणि चिखल थेट पिना-पिस्टनपर्यंत पोचवतो. म्हणून कॅलिपरला वर्षातून एकदा तरी हात लागायलाच हवा.

निळी_सायकल

अवांतर आवडलं, काका. अजून येऊ द्या.

मोजपट्टी

काकांच्या "वर्षातून एकदा हात" याला शंभर वेळा अनुमोदन. आणि त्यासोबत ब्रेक ऑइल. आपण त्याला ऑइल म्हणतो आणि तिथेच घात होतो, कारण ते तेल नाहीच. त्याच्या प्रकारांपैकी डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉलच्या कुळातली आहेत आणि हवेतली वाफ शोषून घेतात. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते या तिघांत कधीही मिसळायचं नाही. ५ आणि ५.१ या आकड्यांच्या सारखेपणाला फसू नका.

पाण्याने काय होतं बघा. मानकानुसार नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, आणि साधारण ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ती हमी १५५ अंशांवर येते. डॉट ३ ला हेच आकडे २०५ आणि १४०. लांब उतारावर सारखा ब्रेक लागला, त्यात एक कॅलिपर धरणारा असला, की तिथलं ऑइल उकळून वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पेडल थेट तळाला जातं. शिवाय हेच पाणी पिस्टन आणि सीलच्या खाचेला आतून गंजवतं. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदलायला सांगतात, ते उगाच नाही.

"तेल" समजून कुणी त्यात इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलं तर पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंतची सगळी रबरं फुगतात. मग कॅलिपर एकेक बदलून भागत नाही.

रानवाट

रविवारचा वृत्तांत.

डावं चाक खोललं. खालची पिन कोरडी होती, थोडी अडत होती, पण हाताने ओढून निघाली. वरची व्यवस्थित. दोन्ही साफ केल्या, सिलिकॉन ग्रीस लावलं, क्लिपखालचा गंज काढला. धूळ-बूट शाबूत आहे. पिस्टन मोठ्या क्लॅम्पने मागे ढकलला, सुरुवातीला जड गेला आणि मग गेला. नवे पॅड टाकले. गाडी हलवण्याआधी पेडल पाच-सहा वेळा दाबून घट्ट करून घेतलं.

आता छान चालतेय. तेलकट_हात, तुमचा अंदाज खरा ठरलासा दिसतो.

तेलकट_हात

👍

अबोली_फूल

ते पेडल दाबून घेण्याचं तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. पिस्टन मागे ढकलल्यानंतर पहिलं पेडल रिकामं जातं. तसंच गिअर टाकून निघालेली गाडी समोरच्या भिंतीवर जाताना मी पाहिली आहे. सुदैवाने मध्ये कोणी नव्हतं.

पाना_नंबर_१७

"सुरुवातीला जड गेला" हे मला खटकतंय. दोन आठवडे लक्ष ठेवा. परत तापलं तर पॅडना हात लावण्याआधी इथे लिहा.

रानवाट

पाना दादा, दहाच दिवस झाले आणि तुमचं खटकणं खरं ठरलं. काल चाळीस किमीच्या प्रवासात परत तोच वास, परत डावीकडे ओढ. सकाळी गाडी पुन्हा हलकी. खरंच निराश झालोय. आता कॅलिपर नवा घालून टाकू का?

पाना_नंबर_१७

थांबा, अजून काही विकत घेऊ नका. मी धागा पहिल्यापासून पुन्हा वाचला. तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच मोठा धागादोरा होता आणि मी पॅडच्या झिजेत गुंतून तिकडे पुरेसं लक्ष दिलं नाही. सकाळी हलकी, ब्रेक लागत गेले की धरते, तासभर थांबलं की सुटते. गंजलेली पिन किंवा अडकलेला पिस्टन असा तासाभराने बरा होत नाही. तो थंड असतानाही अडकलेलाच असतो. आपोआप हळूहळू सुटतोय, म्हणजे कॅलिपरमध्ये दाब कोंडून राहतोय आणि सावकाश झिरपून परत जातोय. दोन्ही पॅड जवळपास सारखे झिजलेत हेही त्याच्याशी जुळतं.

माझा संशय कॅलिपरपर्यंत ऑइल नेणाऱ्या रबरी होज पाइपवर आहे. बाहेरून तो ठणठणीत दिसतो, पण आतला थर सुटून झडपेसारखा वागतो. तुमच्या पायाचा जोर मोठा असतो, तो ऑइल पलीकडे ढकलतो. परत येताना मात्र ढकलणारं कोणी नसतं, आतली बारीक वाट बंद. त्यात डिस्क तापली की कॅलिपरमधलं ऑइल प्रसरण पावतं आणि दाब आणखी वाढतो. काही गाड्यांत होज पाइपला मध्येच पत्र्याची पट्टी आवळलेली असते. ती पट्टी आतून गंजून फुगते आणि पाइपचा गळा दाबते.

तपासायची रीत अशी. गाडी चालवून ब्रेक धरू द्या. लगेच जॅक आणि स्टँडवर घ्या, चाक फिरत नाही याची खात्री करा. हातमोजे आणि चष्मा घाला, ऑइल गरम असेल. कॅलिपरच्या हवा काढायच्या निपलला नळी लावून पाव आटा सैल करा.

ऑइलची पिचकारी आली आणि चाक सुटलं, तर दाब कोंडला होता. कॅलिपर निर्दोष असण्याची शक्यता मोठी. निपल उघडूनही चाक घट्टच राहिलं, तर अडथळा यांत्रिक आहे: पिस्टन, पिन किंवा खाच.

पहिला प्रकार निघाला तर आणखी एक पायरी. परत ब्रेक धरला की यावेळी निपलऐवजी होज पाइप जिथे लोखंडी नळीला जोडलाय तो वरचा सांधा सैल करा. तिथे सैल करून चाक सुटलं तर दोष वर, मास्टर सिलिंडरकडे. चाक तसंच धरून राहिलं तर दोष होज पाइपमध्ये. मास्टर सिलिंडरचा दोष असता तर सहसा एकाच चाकावर थांबत नाही. अनेक गाड्यांत एक पुढचं आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक एका सर्किटवर असतं, ते दुसरंही गरम व्हायला हवं.

सांधा उघडल्यावर हवा आत जाते, म्हणून यानंतर ब्रेकची हवा काढल्याशिवाय गाडी हलवायची नाही. हे तुमच्या मेकॅनिकच्या हातून करून घ्या.

संथगती

ही पोस्ट वाचून मी माझं आधीचं म्हणणं थोडं बदलतो. अशी तपासणी कोणी मेकॅनिकला सांगू शकला तर त्याचा फायदाच आहे. दुरुस्ती मात्र जाणकारानेच करावी, यावर मी ठाम आहे.

गिअरगिरी

तोवर आणखी एक सूचना, विशेषतः ज्यांच्या मागच्या चाकांनाही डिस्क आहे त्यांच्यासाठी. मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा आतच असेल तर तो पिस्टन क्लॅम्पने ढकलायचा नसतो, खास टूलने फिरवत आत न्यायचा असतो. काही गाड्यांत डावी-उजवीकडे फिरवण्याची दिशाही वेगळी. जोर लावून ढकलला तर आतला स्क्रू मोडतो. बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोडमध्ये टाकून मोटार मागे घ्यावी लागते.

आणि मागचं चाक धरत असेल तर कॅलिपरच्या आधी हँडब्रेकची केबल बघा. केबल आत गंजली की लिव्हर पूर्ण मागे येत नाही आणि शिक्षा कॅलिपरला होते.

उंबरठा

माझ्या गाडीचं मागचं उजवं चाक गरम होतंच! उद्या केबल बघतो.

रानवाट

मंडळी, निदान झालं.

काल मुद्दाम ब्रेक लावत गाडी नेली. मेकॅनिककडे पोचेपर्यंत चाक पक्कं धरलेलं. निपल सैल केलं, फस्सकन ऑइल आलं आणि चाक हाताने गरकन फिरलं. मेकॅनिक स्वतः बघत राहिले. दुसऱ्या वेळी वरचा सांधा सैल केला, चाक हललं नाही. होज पाइप काढला. मध्ये पत्र्याची पट्टी आहे, तिच्याखाली गंजाचा फुगवटा. त्यातून फुंकर मारून बघितली, एका बाजूने जेमतेम जाते. पाना दादा, काय बोलू? वर्षभर मी आणि दोन गॅरेजं पॅडकडे बघत होतो.

आता दोन्ही बाजूंचे होज पाइप नवे घालतोय. मेकॅनिक म्हणतात, इतके दिवस तापलेल्या कॅलिपरचं सीलही बदलून घ्या. म्हणजे माझ्या दुसऱ्या प्रश्नावर परत आलो: सील किट की नवा कॅलिपर?

तेलकट_हात

मी चुकलो, मान्य. पिनेवरच अडून बसलो होतो. तुमच्यामुळे मलाही नवीन कळलं.

नवा कॅलिपर घाला असं म्हणेन, वेळ वाचतो.

अबोली_फूल

मी सील किटच्या बाजूने. पण अट आहे: पिस्टन बाहेर काढल्यावर निर्णय घ्यायचा. सील खाचेत बसतं आणि पिस्टनच्या अंगावर घासतं, त्यामुळे खरी महत्त्वाची आहे ती पिस्टनची बाहेरची बाजू. तिथे नखाला लागेल असा एकही खड्डा किंवा क्रोम उडालेली जागा असेल तर पिस्टन बदला. पॉलिश पेपरने घासून वापरायचा मोह टाळा, क्रोमचा थर गेला की गंज दुप्पट वेगाने येतो. सिलिंडरच्या भिंतीवर हलका डाग असला तर निभतं, पण सीलची खाच खड्डे पडून खराब झाली असेल किंवा निपल तुटून आत अडकलं असेल तर किट विसरा, नवा कॅलिपर घ्या.

पिस्टन काढायला कंप्रेसरची हवा वापरतात, ते मला पटत नाही. तो गोळीसारखा सुटतो आणि बोटं मध्ये असली तर चिरडतात. पाइप सोडण्याआधीच, पॅड काढून, मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवून पेडल हळूहळू दाबायचं. ऑइलच्या दाबाने पिस्टन निमूट बाहेर येतो. खाली ट्रे ठेवा, ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलून निघतो, लगेच भरपूर पाण्याने धुवा.

जुनं सील लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या काडीने काढा, स्क्रूड्रायव्हरने खाचेला ओरखडा जातो. धुवायला ब्रेक क्लीनर किंवा ताजं ब्रेक ऑइलच. पेट्रोल, डिझेल, रॉकेल काही नको. नवं सील ताज्या ब्रेक ऑइलने ओलं करून बसवा, पिस्टन हाताच्या जोराने सरळ आत गेला पाहिजे.

जोडणीत होज पाइपच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कप्रमाणे. कॅलिपर होज पाइपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. आणि कॅलिपर नवे घेतलेत तर डावा-उजवा नीट बघा. माझ्या पहिल्या कामात अदलाबदल झाली होती. बसतात अगदी फिट्ट, पण निपल खाली येतं. हवा वर चढते, ती खालच्या निपलमधून निघणार कशी? दिवसभर ऑइल सोडत होते आणि पेडल स्पंजासारखंच. संध्याकाळी लक्षात आलं. तेव्हापासून निपल वरच्या टोकाला आहे ना, हे सगळ्यात आधी बघते.

जुनाच_मेंबर

अबोली ताई, हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखा आहे.

एक जोडतो: काही गाड्यांत पिस्टन फेनॉलिकचा, म्हणजे कडक प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचा असतो. तो गंजत नाही आणि उष्णताही ऑइलकडे कमी नेतो, पण कडा टवके उडालेली किंवा पिस्टन फुगून घट्ट झालेला दिसला तर थेट नवाच घ्यायचा.

मोजपट्टी

डिस्कही मोजून घ्या. किमान जाडीचा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. वर्षभर घासलेली आहे, निळसर डाग किंवा बारीक तडे दिसले तर दोन्ही बाजूच्या बदला. पॅडही पुन्हा दोन्ही बाजूंचे. जळून चकचकीत झालेला पॅड कागदावर जाड दिसतो, पण धरत नाही.

रानवाट

शेवटचा वृत्तांत, तीन आठवड्यांनी.

दोन्ही होज पाइप नवे, डाव्या कॅलिपरला सील किट. पिस्टन स्वच्छ निघाला, सील मात्र हाताला प्लॅस्टिकसारखं कडक लागलं. डाव्या डिस्कवर बारीक तडे होते म्हणून दोन्ही डिस्क आणि पॅड नवे. सगळं जुनं ऑइल काढून डॉट ४ भरलं, चारही चाकांची हवा काढली. निघालेलं ऑइल चहाच्या रंगाचं होतं.

मोजपट्टी, तुमची पद्धत वापरून काल पन्नास किमीनंतर मोजलं: डावं ६१, उजवं ५८. पाय काढला की गाडी सरळ चालत राहते. इतकी मोकळी चालते की पहिल्या दिवशी चढावरून उतरताना मला वेगाची परत सवय करावी लागली.

पाना_नंबर_१७

६१ आणि ५८! झकास. जुना होज पाइप टाकू नका, उभा कापून आतला फोटो इथे टाका. पुढे कुणीतरी हेच शोधत या धाग्यावर येईल.

उंबरठा

माझ्या गाडीची हँडब्रेकची केबलच निघाली. कॅलिपर न खोलता काम झालं. गिअरगिरी, मनापासून आभार.

रानवाट

पाना दादा, पाइप ठेवलाय. रविवारी कापून फोटो टाकतो.